व्हेनिसच्या शर्यती आणि मानवी मनोरे

प्रश्न : आमच्या बंदरात नारळी पौर्णिमेला होड्यांच्या शर्यती लागतात आणि गोकुळाष्टमीला दहीहंडीचे थर रचले जातात. अठराव्या शतकात युरोपातल्या बंदरांतही सणासुदीला अशा चढाओढी होत असत काय? होड्यांच्या शर्यतींना म्हणतात तो ‘रेगाटा’ हा शब्द मूळचा कुठला?
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : ‘रेगाटा’ हा शब्द व्हेनिसच्या बोलीतला असून तिथूनच तो इंग्रजीत गेला. लंडनकरांनी २३ जून १७७५ रोजी टेम्स नदीवर या नावाचा सोहळा केला, तोही व्हेनिसच्या धर्तीवर. आपण विचारलेल्या दोन्ही गोष्टी, होड्या आणि थर, त्या एकाच शहरात होत्या, म्हणून तिथलेच सांगतो.

व्हेनिसच्या सामान्य लोकांत दोन तट होते. पूर्वेकडचे कास्तेल्लानी, ज्यांत सरकारी गोदीतले जहाजबांधणीचे कारागीर पुष्कळ. आणि पश्चिमेकडचे निकोलोत्ती, ज्यांत सान निकोलो वस्तीतल्या कोळ्यांचा भरणा. पहिल्यांची टोपी लाल, दुसऱ्यांची काळी. कठडे नसलेल्या पुलांवर या दोघांच्या मुष्टियुद्धाच्या लढती होत आणि ठोसा बसलेला गडी थेट कालव्यात पडे. सान बार्नाबाजवळच्या पुलावर पांढऱ्या दगडात बसवलेल्या चार पाऊलखुणा आजही दिसतात. लढणाऱ्यांनी पाय कुठे रोवून उभे राहायचे, ते त्यांवरून ठरे. १७०५ साली एका लढतीत मुठींच्या जागी दगड आणि सुरे आले, तेव्हा सरकारने या लढतींवर बंदी घातली.

वैर अर्थातच बंदीने मिटत नाही. जुन्याच चालत आलेल्या दोन खेळांत ते धुमसत राहिले. पहिला खेळ मानवी मनोऱ्यांचा, ज्याला तिथे ‘हर्क्युलिसचे बळ’ म्हणत. कार्निव्हलच्या अखेरच्या गुरुवारी सान मार्कोच्या चौकालगत, प्रजासत्ताकाच्या प्रमुखासमोर, म्हणजे डोजसमोर, दोन्ही तटांचे गडी आपापले मनोरे उभारत. आपल्या गोविंदांहून त्यांची रीत थोडी वेगळी होती : खालच्यांच्या खांद्यांवर फळ्या टाकून त्यांवर वरचा थर चढे आणि शेंड्यावर एखादा पोरगा उभा राही. वर फोडायला हंडी नसे. रचनेचा आकार हेच कौशल्य, आणि त्या आकारांना नावेही असत. ‘ऱ्होड्सचा महापुतळा’ हे त्यांतलेच एक.

दुसरा खेळ शर्यतींचा. मोठ्या रेगाटा बहुधा राजघराण्यातला पाहुणा आला की भरत. १७०९ साली डेन्मार्कच्या राजासाठी आणि १७४० साली सॅक्सनीच्या युवराजासाठी भरल्या, त्या अशाच. होड्या बंदराच्या पूर्व टोकाकडून सुटून मोठ्या कालव्यात शिरत, वरच्या अंगाला पाण्यात रोवलेल्या खुंटाला वळसा घालत आणि परत फिरून का’ फोस्कारी वाड्याजवळ तरंगत्या मंडपापाशी येत. तिथेच बक्षिसाची निशाणे वाटली जात. पहिल्याला लाल निशाण मिळे; चौथ्याच्या वाट्याला मात्र निशाणासोबत डुकराचे जिवंत पिलू येई, ही थट्टा की बक्षीस, ते ज्याचे त्याने ठरवावे. वाट अडवणाऱ्या बघ्यांच्या होड्यांना हटवायला सजवलेल्या नावा पुढे असत आणि त्यांच्या नाळेवर बसलेले उमराव धनुष्याने मातीच्या गोळ्या मारत.

या शर्यतींत बायकाही उतरत. त्यांच्या शर्यतीची नोंद १४९३ सालापासून सापडते. खाडीतल्या बेटांवरच्या आणि किनाऱ्यावरच्या बायका मासळी-भाजी घेऊन एरवीही स्वतः वल्हवत शहरात येत, तेव्हा हात तयारच असत. किओज्जा गावाकडच्या मारिया बोस्कोला या वल्हवणारीचे चित्र व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात आहे. १७४० ते १७८४ या काळात तिने बक्षिसे जिंकली. तिचे पहिले निशाण आणि शेवटचे निशाण यांत ४४ वर्षांचे अंतर, आणि वल्हे उभ्यानेच मारायचे.