कंपनीचं गेट बंद होण्याआधी

तुला अनेक आशीर्वाद.

तुझ्या बाबांची कंपनी बंद होतेय, त्यांना दुसरं काम कसं मिळवायचं, असं तू विचारलंस. त्यांचं वय 52, सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणारं मशीन) 25 वर्षं. बायोडेटा नंतर कर. ऑफिसात माणसं आहेत तोवर अनुभवाचा दाखला आणि रिलीव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) हातात घे. दाखल्यात नुसतं 'ऑपरेटर' नको; मशीन कोणतं, त्याचा कंट्रोलर (मशीन चालवणारा संगणक) फॅनुकचा की सीमेन्सचा, आणि ते मशीनचं सेटिंगही करत होते, हे लिहून घे. लोक पांगले की सही कुणाची आणणार?

पीएफच्या साइटवर नोकरी सोडल्याची तारीख भरलीय का, नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का, तेही आत्ताच बघ, नाहीतर पुढे रक्कम वळती होताना अडकते. पेन्शन 50 नंतर लवकर घेता येते, पण 58 ला जितकी वर्षं कमी, त्या प्रत्येक वर्षामागे 4 टक्के कापले जातात. पेन्शनला आत्ता हात लावू नका. ग्रॅच्युइटीचा (नोकरी सोडताना कंपनी देते ती सेवेची रक्कम) हिशेब स्वतः मांड: मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले 15, गुणिले वर्षं, भागिले 26. म्हणजे 26,000 वर 25 वर्षांचे 3,75,000.

आता काम. चाकणच्या मोठ्या कारखान्यांत अर्ज टाकत बसू नकोस. तिथे वय बघूनच बाजूला ठेवतात. भोसरीतल्या पंधरा-वीस माणसांच्या वर्कशॉपात मालक स्वतः माणूस निवडतो. बटण दाबणारे त्याला मिळतात. ड्रॉइंग वाचून, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) देऊन पहिला पीस बरोबर काढणारा सेटर मिळत नाही. सुरुवात बाबांच्या कंपनीचं जॉबवर्क (बाहेर करून घेतलेलं काम) करणाऱ्यांपासून करा, त्यांनी बाबांचं काम पाहिलेलं असतं. इन्सर्ट-टूल (मशीनची कापणारी पाती) विकणाऱ्यांनाही सांगून ठेवा. कुठे माणूस अडलाय हे त्यांना जाहिरातीआधी कळतं. महिनाअखेरीला मात्र जाऊ नका, डिस्पॅचच्या धांदलीत मालक मान वर करत नाही. 'रजिस्ट्रेशन फी' मागणाऱ्या एजंटाला एक रुपयाही नको.

ट्रायल मशीनवरच होईल. त्याआधी जवळच्या नजरेचा चष्मा तपासून घ्या. व्हर्नियरवरचे (मापाची पट्टी) 0.02 मिमीचे भाग दिसले नाहीत तर पीस बाद, आणि दोष वयाला लागतो. साखर किंवा बीपी असेल तर रात्रपाळी जमणार नाही हे आधीच बोला. पंधरा दिवसांनी सांगितलं की ती सबब वाटते. पगार कमीच सांगतील. किती खाली जायचं ते घरीच ठरवा. नोकरी वर्कशॉपच्या नावावर की ठेकेदाराच्या, हेही विचारा.

टिकण्याचं म्हणशील, तर 'आमच्या कंपनीत असं नव्हतं' हे वाक्य बाबांना पहिले तीन महिने गिळायला सांग. सुपरवायझर तुझ्या वयाचा असेल आणि त्याची पद्धत चुकीचीही असेल. चारचौघांत नको, चहाच्या वेळी त्याला एकट्याला सांगावं.

दुसऱ्या महिन्यात 15 तारखेनंतर पीएफचं पासबुक उघड. पगारातून पैसे कापलेत पण जमा दिसत नाहीत, असं झालं तर त्याच आठवड्यात पगाराची स्लिप घेऊन मालकाला विचारायचं.

— काका