शेगडी असताना लहान सिरॅमिक ग्रिल घ्यावं का?

ताई, तुमचा प्रश्न असा: सांगलीत स्वतःचं घर, वर मोकळी गच्ची, माणसं चार, त्यातली दोन शाकाहारी. आजेसासूबाईंची कोळशाची शेगडी अजून उत्तम चालते. मग १३ इंची जाळीचं कोळशावरचं सिरॅमिक ग्रिल घेणं ही नुसती हौस, की त्यात काही अर्थ आहे? आणि घ्यायचंच तर मोठं का नको?

मी साताऱ्यात शाहूपुरीत राहतो. १३ इंचीच ग्रिल सहा वर्षं वापरतोय. पावसाळा सोडला तर आठवड्यातून एकदा तरी ते पेटतं. माझं सांगणं: घ्या, आणि लहानच घ्या. शेगडी मात्र मोडीत काढू नका. दोघांची कामं वेगळी आहेत.

शेगडीची धग खालून येते आणि वर मोकळ्या हवेत निघून जाते. कणीस, पापड, भाकरी फुगवणं ही कामं तिच्यावर झकास होतात, कारण त्यांना धग थेट लागते आणि थोडाच वेळ लागते. पण जे गाभ्यापर्यंत शिजायला हवं ते शेगडीवर बाहेरून करपतं आणि आत कच्चं राहतं. म्हणून तर आपल्याकडच्या बायका पातेल्यावर ताटली ठेवून तिच्यावर निखारे रचायच्या. खाली विस्तव, वर विस्तव, मध्ये नानकटाई. सिरॅमिक ग्रिल नेमकं हेच करतं. वरच्या निखाऱ्यांचं काम इथं भिंती आणि झाकण करतात. जाड भिंती तापल्या की चहूबाजूंनी सारखी आच देत राहतात, आणि गच्चीवर वारं सुटलं तरी आत फरक पडत नाही. साताऱ्याच्या वाऱ्यात शेगडी आडोशाला न्यावी लागते, ग्रिल मी कठड्याजवळ उघड्यावर पेटवतो.

ही वस्तू मुळात चूलच आहे. जपानी भाषेत ‘कामादो’ म्हणजे चूल. तिथं भात शिजवायला झाकणाची गोल मातीची चूल वापरत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी त्या चुली मायदेशी नेल्या आणि त्यांच्यावर मांस भाजायला सुरुवात केली. १९७४ साली अटलांटात अशी ग्रिल विकणारी ‘बिग ग्रीन एग’ ही कंपनी सुरू झाली. आधी मातीच्याच चुली विकल्या जायच्या, त्या तडकायच्या, म्हणून पुढं पक्क्या सिरॅमिकची वाट धरली गेली. आपल्याला मातीची चूल आणि तंदूर दोन्ही ठाऊक असल्यामुळं यात समजायला अवघड काही नाही.

खरी गंमत हवेत आहे. खाली एक सरकतं दार असतं आणि वर झाकणाला फिरती चकती. कोळसा हवा मिळेल तेवढाच जळतो. खालचं दार करंगळीएवढं आणि वरची चकती किलकिली ठेवली की माझं ग्रिल १२० अंशांच्या आसपास तासन्‌तास टिकतं. दोन्ही सताड उघडली की ते ३५० अंशांपर्यंत चढतं. नवशिके इथं एकच चूक करतात: १८० वर थांबायचं असताना २२० होऊ देतात आणि मग खाली आणायला बघतात. तापलेल्या भिंती लवकर निवत नाहीत. म्हणून चढतानाच, २०–३० अंश अलीकडे, हवा आवळायची. दोन-तीन रविवारांत हात बसतो.

हवा कमी लागते म्हणूनच कोळसाही कमी लागतो, आणि लहान घ्या म्हणतो ते यासाठीच. मोठ्या ग्रिलचं सिरॅमिक तापवायलाच बराच कोळसा आणि पाऊण तास जातो. माझं वीस मिनिटांत तयार होतं. दीड किलो कोळसा भरतो, चौघांचं जेवण होतं, आणि शेवटी दोन्ही तोंडं घट्ट बंद केली की आतला विस्तव हवेविना गुदमरून विझतो. दुसऱ्या दिवशी उघडून पाहा, निम्म्याच्या आसपास कोळसा शाबूत असतो. राख झाडायची, वर थोडा नवा कोळसा घालायचा, पुन्हा पेटवायचं. शेगडीत उरलेला विस्तव एकतर जळून जातो किंवा त्याच्यावर पाणी मारावं लागतं. पाहुणे आले तर दोन खेपा करायच्या. वीस माणसांचं जेवण मात्र यावर होणार नाही, हे आधीच मान्य करून घ्या.

आता शाकाहारी माणसांचं. माझी आई माळकरी. ग्रिल घरी आलं तेव्हा मी ठरवलं की पहिली दोन वर्षं यात मटण, मासे, अंडं काहीच जाणार नाही. त्यामुळं माझा खरा अभ्यास भाज्यांवर झाला, आणि आज मला वाटतं की या ग्रिलचं खरं मोल भाज्यांतच कळतं.

महाशिवरात्रीची रताळी घ्या. कुकरमध्ये ती दहा-पंधरा मिनिटांत शिजतात, पण गोडी बेताचीच. रताळं हळूहळू तापलं, ६० ते ७५ अंशांच्या टप्प्यातून सावकाश गेलं, तर त्याच्यातलेच पाचक घटक पिठाची साखर करतात. कुकर तो टप्पा भर्रकन ओलांडतो. ग्रिलमध्ये निखारे आणि जाळी यांच्यामध्ये सिरॅमिकची आडवी तबकडी ठेवायची, म्हणजे धग थेट लागत नाही. १५० अंश धरायचे आणि सालीसकट रताळी तास-सव्वातास ठेवून द्यायची. सालीतून काकवीसारखा चिकट पाक बाहेर येतो. आई उपवासाला रताळ्यावर साखर घ्यायची, ती तिनं त्या वर्षापासून बंद केली. तूपसुद्धा नको म्हणते.

वांग्याच्या बाबतीत तर तुम्ही नशीबवान, कृष्णाकाठची वांगी दाराशी आहेत. दोन-तीन ठिकाणी टोचा, एका चिरेत लसणाच्या पाकळ्या खोचा, तबकडी काढून टाका आणि २५० अंशांवर थेट जाळीवर ठेवून झाकण लावा. वीस मिनिटांत, मध्ये एकदाच उलटून, देठापर्यंत लोण्यासारखं शिजतं. शेगडीवर देठाजवळचा भाग नेहमी घट्ट राहायचा आणि मी तो टाकून द्यायचो. शिवाय बंद झाकणाखाली धूर वांग्यातच मुरतो. कच्चा कांदा, दाण्याचं कूट, कोथिंबीर आणि चमचाभर आपला कांदा-लसूण मसाला, बस्स. टोचायला विसरू नका, वांगं फुटतं.

हुरड्याला मात्र आगटीच हवी. मी ग्रिलमध्ये करून पाहिला. गोवऱ्यांच्या गरम राखेत कणीस पुरल्यावर जे होतं ते इथं होत नाही. भाकरीचंही तसंच, तिला तवा आणि उघडे निखारेच बरे. पिझ्झा किंवा नान करायचा असेल तर वर दगडी पाट ठेवून ३०० अंशांच्या पुढं जा, मुलं खूश होतील.

दोन वर्षांनी आईनंच सांगितलं, ‘तुझं तू कर, माझी जाळी तेवढी वेगळी ठेव.’ आता दोन जाळ्या आहेत, भाज्यांच्या आधी मटण कधीच लावत नाही, आणि महाशिवरात्रीच्या आदल्या दिवशी रिकामं ग्रिल ३५० अंशांवर अर्धा तास जाळून घेतो. तुमच्या घरच्या शाकाहारी माणसांना हे चालेल का, ते घेण्याआधी विचारा. सिरॅमिकला बारीक छिद्रं असतात, चरबीचा वास त्यात थोडा राहतोच. ज्यांना ते मनापासून नको असेल त्यांच्यावर लादू नये.

मटणाबद्दल थोडक्यात. आपल्या बोकडाच्या मटणात चरबी कमी, म्हणून उघड्या निखाऱ्यावर ते चिवट होतं. बंद ग्रिलमधून हवा फार वाहत नाही, त्यामुळं ओलावा आत राहतो. दीड किलोची अर्धी रान (म्हणजे मांडी) दही, आलं-लसूण आणि मसाल्यात रात्रभर मुरवायची आणि १३० अंशांवर चार तास विसरून जायची. आंब्याच्या किंवा पेरूच्या वाळक्या लाकडाचा मुठीएवढा तुकडा निखाऱ्यावर टाका. प्लायवूड किंवा रंगवलेलं लाकूड कधीही नको. कोंबडीला आत ७४ अंश आलेच पाहिजेत. त्यासाठी टोचायचा थर्मामीटर घ्या, झाकणावरचा काटा मांसाच्या आतलं सांगत नाही.

कोळसा वखारीतून आणा, लाकडी, बाभळीचा असेल तर उत्तम. पोतं घरी आल्यावर चुरा चाळून काढा, नाहीतर तो खालची भोकं बुजवतो आणि ग्रिल तापतच नाही. साच्यातल्या कोळशाच्या वड्या मी टाळतो, राख फार होते. दगडी कोळसा अजिबात नाही. पेटवायला रॉकेल वापरायचं नाही, तो वास सिरॅमिकमध्ये मुरला की महिनाभर जेवणात येतो. एक वाळकी करवंटी आणि उसाचं चिपाड पुरतं. दाट पांढरा धूर सरेपर्यंत काही ठेवू नका, तो कडवट लागतो.

आता धोके, आणि हे कृपा करून दोनदा वाचा.

पहिला कार्बन मोनॉक्साइडचा. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत, काचा लावलेल्या बाल्कनीत किंवा पाऊस आला म्हणून जिन्याच्या खोलीत ग्रिल नेऊ नका. तोंडं बंद केल्यावरही आत विस्तव बराच वेळ जिवंत असतो. थंडीत शेगडी खोलीत घेऊन झोपणाऱ्यांचे जीव याच वायूनं जातात.

दुसरा भडक्याचा. आत हवेविना दबलेला विस्तव असताना झाकण एकदम उघडलं की हवा आत घुसते आणि ज्वाळा तोंडावर येते. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या मनगटावर भाजलं. तेव्हापासून घरात नियम आहे: झाकण आधी दोन बोटं उचलायचं, पाच आकडे मोजायचे, मग पूर्ण उघडायचं. मुलांना ग्रिलपासून चार हात लांब.

तिसरा पाण्याचा. तापलेल्या सिरॅमिकवर पाणी पडलं तर ते तडकतं. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली. पहिल्या जुलैत वरची चकती उघडी राहिली, सरी आत गेल्या, भिंतींनी पाणी पिऊन घेतलं. ऑगस्टमध्ये उघडीप मिळाली म्हणून मी एकदम मोठा जाळ केला. मुरलेल्या पाण्याची वाफ झाली आणि आतल्या कोळशाच्या भांड्याला उभी चीर गेली. चालतं अजून, पण चूक माझीच होती. पावसाळ्यानंतरचा पहिला विस्तव तासभर १०० अंशांच्या आसपासच ठेवा. पावसाळ्यात आत पांढरी बुरशी दिसली तर घाबरू नका आणि साबणानं धुऊ नका. असंच आधी मंद सुकवून मग मोठ्या आचेवर जाळून टाका आणि जाळी घासून घ्या.

जागा ठरवताना गच्चीवरची प्लॅस्टिकची पाण्याची टाकी, पाइप आणि वाळत घातलेले कपडे यांच्यापासून दूर ठेवा. लाकडी टेबलावर थेट नको, खाली विटा किंवा कडप्पा घ्या. वजन तीस किलोच्या आसपास भरतं, म्हणून जिन्यावरून नेताना आतले भाग काढा आणि दोघांनी उचला. झाकणाला धरून कधीच उचलू नका. आम्ही दोनदा ते गाडीत घालून कोरेगावकडच्या शेतावर नेलं, मोठं असतं तर नेता आलं नसतं. सहलीला कासच्या पठारावर मात्र कोणी नेऊ नये, तिथं विस्तव नकोच.

किंमत शेगडीच्या कितीतरी पट आहे, हे खरं. महिन्यातून दोनदासुद्धा कोळसा पेटणार नसेल तर पैसे अडकवू नका. पेटणार असेल तर दुकानात एक गोष्ट तपासा: झाकणाच्या कडेला कागदाची पट्टी ठेवून झाकण लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे ती अडकली पाहिजे. एका ठिकाणी जरी सुळकन निघाली तरी तिथून हवा जाणार आणि विस्तव तुमचं ऐकणार नाही. झाकण घट्ट बसावं म्हणून कडेला लावलेली नमद्याची (फेल्टची) पट्टी जपायची म्हणून पहिले तीन-चार वेळा १८० अंशांच्या वर जाऊ नका. त्या पहिल्या आचेवर रताळीच लावा, सारख्या जाडीची निवडून.