लांडगे सातपट झाले म्हणून रान बरं झालं का?

कारवारजवळच्या कैगा अणुवीज केंद्रात आणखी दोन अणुभट्ट्या होणार, ही चर्चा सुरू झाल्यापासून खानापूर, हल्याळ भागातून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलला आहे. या वेळी त्याच विषयावरची पत्रं एकत्र घेतो.

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा अकरावीला आहे. त्यानं मोबाइलवर चेर्नोबिलचा व्हिडिओ दाखवला. माणसं निघून गेल्यावर तिथं लांडगे, घोडे, हरणं वाढली. तो म्हणतो, "बाबा, जनावरांना किरणोत्सर्गानं काही होत नाही, भीती आपल्यालाच." मला हे पटत नाही, पण उत्तरही देता येईना. – एक वाचक, नंदगड

उत्तर : मुलानं पाहिलं ते खोटं नाही. 26 एप्रिल 1986 रोजी तेव्हाच्या सोव्हिएत युक्रेनमधल्या चेर्नोबिलची चौथी अणुभट्टी फुटली, दुसऱ्या दिवशी शेजारचं प्रिप्यात शहर रिकामं केलं, आणि त्या वर्षात सुमारे 1,16,000 माणसं गावं सोडून गेली. नांगर थांबला, बंदूक थांबली, गाड्या थांबल्या. बेलारूसच्या बाजूच्या रानातली मोजणी 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. एल्क, हरणं, रानडुकरं यांची संख्या किरणोत्सर्ग नसलेल्या इतर अभयारण्यांइतकीच निघाली आणि लांडगे तर तिथल्यापेक्षा सातपट. युक्रेनच्या बाजूला 1998 च्या सुमारास तिसेक प्रझेवाल्स्की जातीचे रानघोडे सोडले होते, ते आता दीडशेच्या वर गेलेत.

पण मोजणीतून कळतं ते एवढंच, की जनावरं किती आहेत. ती कशी आहेत, किती जगतात, पिल्लं किती वाचतात, हे त्यातून कळत नाही. माणसाचा त्रास किरणोत्सर्गापेक्षाही मोठा होता, एवढंच लांडग्यांच्या आकड्यावरून सिद्ध होतं. आपण किती जड पडतो जनावरांना, हे त्यातून मुलाला जरूर सांगा. किरणोत्सर्ग निरुपद्रवी आहे, हे मात्र त्यातून निघत नाही.

शिवाय सुरुवातीचे महिने त्या व्हिडिओत नसतात. भट्टीच्या पश्चिमेला पाइनचं रान होतं. काही आठवड्यांत त्याच्या सुया विटेसारख्या लाल झाल्या आणि सुमारे सहाशे हेक्टरमधली झाडं उभ्या उभ्या मेली. पुढे त्यातली बरीचशी बुलडोझरनं पाडून खंदकात पुरली. शेजारचे भूर्ज मात्र बरेचसे वाचले, कारण सूचिपर्णी झाडं किरणांना फार नाजूक असतात. म्हणजे एकाच ठिकाणी, एकाच मात्रेत एक जात मेली आणि दुसरी तगली.

त्याहून मोठी हानी पायाखाली झाली, तिच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही. मिरगाचे दोन पाऊस झाले की भीमगडच्या रानात मी ओला पालापाचोळा हातानं बाजूला करून बघतो. वरचं पान कोरडं, खालचं चिकट, त्याखालच्या पानाची नुसती जाळी उरलेली, आणि त्या जाळीवर पांढरे ठिपके पळत असतात. ते किडे. टाचणीच्या टोकाएवढे. पानाची माती करतात ते हेच. चेर्नोबिलच्या भट्टीपासून तीन ते सात किलोमीटरवरच्या रानात अपघातानंतर दोन महिन्यांनी असल्या जिवांची संख्या तिसाव्या हिश्श्यावर आली होती. अडीचेक वर्षांत ती भरून आली, बरीचशी बाहेरून आलेल्या किड्यांमुळे. पण जिथं माती फार दूषित आहे, तिथं पुढे कित्येक वर्षं पाला हळू कुजताना आढळला. पाला कुजला नाही की साचतो, वाळतो आणि पेटतो. एप्रिल 2020 मध्ये त्या प्रतिबंधित टापूत मोठे वणवे लागले, तेव्हा जमिनीत आणि झाडांत अडकलेलं सिझियम (भट्टीतून उडालेलं किरणोत्सर्गी द्रव्य) धुराबरोबर पुन्हा हवेत गेलं.

पक्ष्यांबद्दल शास्त्रज्ञांत वाद आहे. म्योलर आणि मुसो या दोघांनी दूषित भागात पक्षी, फुलपाखरं, मधमाश्या कमी असल्याचं आणि पाकोळ्यांच्या पिसांत पांढरे डाग येत असल्याचं वर्षानुवर्षं मांडलं. इतरांनी त्यांच्या पद्धतीवर बोट ठेवलं. मला दोन्ही बाजू प्रामाणिक वाटतात, आणि भांडणाचं मूळही दिसतं. अपघाताआधी त्या रानात कोण किती होतं, याची नीट नोंदच नव्हती. मग तुलना कशाशी करायची? 2022 मध्ये स्पेनच्या संशोधकांनी तिथल्या झाडबेडकांवर काम प्रसिद्ध केलं. बाहेरचे हिरवेगार, आणि दूषित भागातले कित्येक काळपट. गडद रंगद्रव्य किरणांपासून थोडं वाचवतं, म्हणून सुरुवातीला काळे तगले असावेत, असा त्यांचा अंदाज आहे. तो खरा असेल तर हिरव्यांचं काय झालं, हे मुलाला विचारा. आज दिसणारे बेडूक वाचलेल्यांचे वंशज आहेत.

आणखी एक गोष्ट त्याच्याशी बोला. रानउंदरांच्या वर्षाला दोन-चार वेळा वेती होतात, त्यामुळे नुकसान लवकर भरून निघतं. आपला धनेश बघा. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते, नर दोन-तीन महिने उंबराची, वडाची फळं चोचीतून भरवतो, आणि वर्षाकाठी मोजकी पिल्लं बाहेर पडतात. अशा जातीला एक पिढी गमावणं किती महाग पडेल! चेर्नोबिलच्या लांडग्यावरून धनेशाचा हिशेब करता येणार नाही.

प्रश्न : आमचं गाव रानाच्या कडेला आहे. पावसाळ्यात अळंबी, उन्हाळ्यात मध, वर्षभर म्हशीचं दूध. कैगात काही झालंच, तर ते इथवर पोचेल का? गवे, डुकरं यांचं काय होईल? घाबरवू नका, पण लपवूही नका. – एक भगिनी, जांबोटी भाग

उत्तर : ताई, आधी कैगाचं. काळी नदीच्या काठी, कद्रा धरणाच्या पाण्यावर तिथं 220 मेगावॅटच्या चार भट्ट्या चालतात, आणि 700 मेगावॅटच्या दोन व्हायच्या आहेत. या जड पाण्यावर चालणाऱ्या भट्ट्या आहेत आणि त्यांच्याभोवती काँक्रीटचं दुहेरी कवच आहे. चेर्नोबिलच्या भट्टीत ग्रॅफाइट होतं, ते कित्येक दिवस जळलं, आणि वर असं कवचही नव्हतं. त्यामुळे तसाच्या तसा प्रसंग कैगात होणार नाही. जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुकेंद्रात 11 मार्च 2011 रोजी भूकंपानं बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीनं राखीव जनरेटर बंद पाडले. कैगा समुद्राच्या काठावर नाही. 2009 च्या नोव्हेंबरात कैगात पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियम हे किरणोत्सर्गी द्रव्य मिसळलं गेलं आणि पन्नासच्या वर कामगारांच्या पोटात गेलं. ते आवारातच राहिलं, रानापर्यंत आलं नाही. पण माणसांच्या हातून काय होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

तरी समजा काही झालंच. नदीचं पाणी तुमच्याकडे येणार नाही. काळी पश्चिमेला कारवारकडे उतरते, आणि आपली मलप्रभा कणकुंबीला उगम पावून पूर्वेला जाते. वाऱ्याचं तसं नाही. पावसाळ्यात तो नैर्ऋत्येकडून येतो, म्हणजे कैगावरून हल्याळ, धारवाड आणि आपल्या अंगाला. सरळ रेषेत कैगा खानापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. सरकारी आराखड्यात आणीबाणीचं वर्तुळ 16 किलोमीटरचं असतं, पण चेर्नोबिलचे ढग त्याच्या कितीतरी पलीकडे गेले. जिथं पाऊस पडला तिथं ते उतरले. नॉर्वे, जर्मनीतलं बव्हेरिया, ब्रिटनमधलं वेल्स इथं असे डाग पडले. वेल्समधल्या मेंढ्यांवरचे निर्बंध उठायला 2012 उजाडलं. कणकुंबी-जांबोटीला पाऊस कसा कोसळतो, ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून मी किलोमीटरपेक्षा पावसाकडे जास्त बघतो.

आता दूध. पहिल्या काही आठवड्यांत सर्वांत मोठा धोका आयोडीन-131 चा असतो. ते गवतावर बसतं, म्हैस गवत खाते, दुधातून ते मुलांच्या गळ्यातल्या ग्रंथीत साठतं. त्याचं अर्धायुष्य आठ दिवसांचं, म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मं होतं आणि दोन-तीन महिन्यांत जवळपास संपतं. चेर्नोबिलनंतर दूध वेळेवर बंद केलं असतं तर थायरॉइडच्या कॅन्सरपासून हजारो मुलं वाचली असती. याचा मला आजही राग येतो, कारण तेवढं करायला कसलंही मोठं यंत्र लागत नव्हतं, फक्त लोकांना वेळेत सांगायला हवं होतं.

अळंबी आणि डुकरांची गोष्ट लांबते. सिझियम-137 पालाशासारखं (पोटॅशियमसारखं) वागतं, म्हणून झाडं आणि बुरशी ते आनंदानं उचलतात. शेतात नांगरटीनं ते खाली जातं, मातीच्या कणांना चिकटतं. रानात कोण नांगरतं? पानाबरोबर पडतं, कुजतं, बुरशी उचलते, पुन्हा झाडात चढतं, पुन्हा पडतं. जर्मनीत हरणांच्या मांसातलं सिझियम वर्षागणिक उतरलं, रानडुकरांचं मात्र तसं उतरेना. कारण डुकरं जमिनीत वीतभर खोल उकरून एक भूमिगत बुरशी खातात, आणि खाली झिरपत जाणारं सिझियम नेमकं तिथं पोचलेलं असतं. आजही तिथं शिकारीतलं डुक्कर विकण्याआधी तपासतात. त्यातलं काही सिझियम तर 1960 च्या दशकापर्यंतच्या बॉम्बचाचण्यांचं असल्याचं 2023 मध्ये उघड झालं. आपल्याकडे डुकरांनी रताळ्याचं शेत कसं उलथून टाकलेलं असतं ते आठवा, म्हणजे ती किती खोल जातात ते ध्यानात येईल. गवा मुख्यतः वरचं गवत-पाला खातो, त्यामुळे त्याच्यात सिझियम लवकर उतरेल असं मला वाटतं.

आणि तुमच्या मसाल्यातलं दगडफूल! त्याला मुळं नसतात, जे काही मिळतं ते पावसातून आणि हवेतून. नॉर्वेत त्याच जातकुळीचं लायकेन खाऊन रेनडियर इतके दूषित झाले, की त्यांच्यावर जगणाऱ्या सामी लोकांचा व्यवसाय बुडायची वेळ आली. तिथं जनावरांना प्रशियन ब्लू नावाचं निळं रसायन मिठाच्या विटेतून चाटायला दिलं. सिझियम आतड्यातच अडकून शेणावाटे बाहेर पडू लागलं.

यंदाची अळंबी खुशाल खा, मध खा, दगडफूलही वापरा. माझी मागणी वेगळी आहे. कैगाची पर्यावरण प्रयोगशाळा आपल्या परिसरातले नमुने तपासते. तशीच मोजणी भीमगडच्या पाल्याची, अळंबीची, मधाची आज, सगळं ठीक असताना व्हावी, आणि आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठी-कन्नड दोन्हीत लागावेत. चेर्नोबिलला नव्हती ती आधीची नोंद आपल्याकडे असू शकते.

प्रश्न : चेर्नोबिलच्या तलावात माणसाएवढे मासे झालेत, ते किरणोत्सर्गानंच ना? – एक विद्यार्थी, निपाणी

उत्तर : नाही. ती वेल्स कॅटफिश नावाची, मुळातच मोठी होणारी मासळी आहे. कोणी पकडत नाही, म्हणून म्हातारी होईपर्यंत वाढते.

प्रश्न : सिझियमचं आयुष्य तीस वर्षांचं म्हणतात. मग 2016 लाच सगळं संपलं की! – एक वाचक, बेळगाव

उत्तर : तीस वर्षांत ते निम्मं होतं, संपत नाही. चाळीस वर्षांनी मूळच्या सुमारे चाळीस टक्के उरतं. स्ट्रॉन्शियम-90 चंही जवळपास तसंच. ते कॅल्शियमसारखं हाडांत आणि शिंगांत बसतं. अमेरिसियम-241 तर अजून वाढतंय, कारण ते प्लुटोनियमच्या एका जातीपासून तयार होत राहतं.

प्रश्न : आम्ही भात करतो. शेतात असं काही पडलं तर शेती कायमचीच गेली का? – एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : कायमची नाही. फुकुशिमात दोन उपाय झाले. वरची चार-पाच सेंटिमीटर माती खरवडून काढली. आणि भाताला पोटॅश जास्त दिलं, कारण पिकाला पालाश भरपूर मिळालं की ते सिझियम कमी उचलतं. आपल्या जांभ्या मातीत पालाश मुळातच कमी, त्यामुळे हा उपाय इथं आणखी महत्त्वाचा ठरेल. 2012 पासून तिथं तांदळाची पोती न पोती यंत्राखालून गेली, आणि 2015 च्या पिकापासून किलोला 100 बेकरेलच्या (बेकरेल हे किरणोत्सर्ग मोजायचं एकक) मर्यादेवर एकही पोतं सापडलं नाही. त्या प्रांताचा सुमारे सत्तर टक्के भाग मात्र डोंगर-रान आहे. तिथं घरांच्या कडेची वीसेक मीटरची पट्टी साफ केली, आतलं रान तसंच ठेवावं लागलं, आणि तिथल्या रानडुकरांच्या मांसावर अजून निर्बंध आहेत.