कुस्ती दुसऱ्याची, भोंगा आपला

विट्याजवळच्या एका गावातून एका वडिलांनी लिहिलं आहे : मुलाला बारावी सायन्सला ६४ टक्के. मेडिकलची ‘नीट’ परीक्षा दोनदा दिली, दोन्ही वेळा निकाल यथातथाच. तिसऱ्या वर्षासाठी लातूरचा क्लास बघून ठेवलाय. मुलगा मात्र जत्रांच्या कुस्ती मैदानात माइक घेऊन समालोचन करत फिरतो. ‘कुस्ती दुसरा मारतो, हा नुसता त्यावर बोलतो. गावात मला भोंग्याचा बाप म्हणतात. सोबत रेकॉर्डिंग पाठवतोय, ऐका आणि त्याला समजावा.’

नमस्कार.

तुमच्या दोन पानी पत्रात मुलाला काय आवडतं यावर दीड ओळ आहे, आणि लोक तुम्हाला काय म्हणतात यावर जवळजवळ एक पान. मला ६४ टक्क्यांचं काही वाटलं नाही, या हिशेबाचं वाटलं. पारावर कोण काय बोललं ते तुम्हाला शब्दन् शब्द पाठ आहे. मुलगा दोन वर्षं कोणत्या मनःस्थितीत क्लासला बसला, त्याचा उल्लेखसुद्धा नाही.

मैदानाच्या दिवशी तुम्ही गाडीची किल्ली कपाटात ठेवता आणि तो पहाटेची एसटी धरून जातो, हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय. नीटच्या क्लासला तो कधी असा, कुणी न उठवता, पहाटे उठून गेला होता का? नसेल, तर लातूरला पाठवून काय होणार? मुलगा तिथं खोलीत बसेल आणि तुम्ही इथं चार लोकांत ‘लातूरला आहे’ म्हणून सांगाल. त्यासाठी वर्ष आणि पैसे घालवणं मला पटत नाही.

आता तुमचं मुख्य म्हणणं : दुसऱ्याच्या कामावर बोलणं हे काम नव्हे. पत्राच्या शेवटी तुम्हीच ओझरतं लिहिलंय की गावच्या पारायणात तुम्ही ज्ञानेश्वरीचं निरूपण करता, लोक पाया पडतात. गीता ७०० श्लोकांची. त्यावर ज्ञानेश्वरांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला सुमारे नऊ हजार ओव्या सांगितल्या. दुसऱ्याच्या ग्रंथावर बोललेलंच आहे ते, आणि तुम्ही त्यावर आणखी बोलता. मग मुलाचाच भोंगा का खुपतो? बरं, हे अध्यात्माचं झालं म्हणाल, तर जमिनीचं घ्या. वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा जन्मतःच हक्क, ही गोष्ट विज्ञानेश्वरांच्या ‘मिताक्षरा’तून आली. ‘मिताक्षरा’ म्हणजे याज्ञवल्क्यस्मृती या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावरची टीका, म्हणजे भाष्य, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली. इंग्रजांच्या कोर्टांनी तिच्यावर निकाल दिले आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यातही तिचं नाव आलं. म्हणजे मूळ श्लोकापेक्षा त्याचा अर्थ लावणाऱ्याचा शब्द कोर्टात जड ठरला. जे सगळ्यांसमोर आहे त्यात बाकीच्यांना न दिसलेलं दाखवणं, हे स्वतंत्र काम आहे. वकील, संपादक, समीक्षक, खेळाचे विश्लेषक, सगळे त्यावरच जगतात.

रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. लाल लांगेच्या पोरानं एकेरी पट काढून, म्हणजे एक पाय धरून समोरच्याला खाली आणून, कब्जा घेतला, तेव्हा तुमचा मुलगा म्हणतो, ‘आता घिस्स्याची तयारी, डावा हात बघा.’ घिस्सा, म्हणजे खाली दाबलेल्याला चीत करायचा डाव, त्यानंतर लागला. एवढ्या हलगीच्या दणक्यात त्याला तो हात दिसला होता. पुढं एक पैलवान खांद्यावर पडला. तिथं हा गप्प झाला, मग फक्त ‘डॉक्टरांना वाट द्या’ एवढंच बोलला. कधी बोलू नये हे शिकवायला फार वेळ लागतो. त्याला ते आत्ताच कळतंय.

दोषही ऐकून घ्या. ‘शंभर वर्षांत अशी कुस्ती झाली नाही’ हे त्यानं एकाच दुपारी दोन कुस्त्यांना म्हटलंय. ऐन डाव रंगात असताना देणगीदाराचं नाव घुसडलंय. रेडिओवर हे एक दिवस चालणार नाही, कारण तिथं ऐकणाऱ्याला काहीच दिसत नसतं. कोण वर, कोण खाली, वेळ किती झाली, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. टीव्हीवर उलट, सगळं दिसतंच, तिथं कारण सांगावं लागतं. मैदानातला भोंगा या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी येतो.

मुलालाही एक सांगतो, त्याला हे पत्र वाचायला द्या. बाबा रे, आयपीएलची मराठी कॉमेंट्री मोबाइलवर येते म्हणून हुरळून जाऊ नकोस. त्या खुर्च्यांवर बहुतेक माजी खेळाडू बसतात. आकाशवाणीवर मराठीतून क्रिकेट रुजवणारे बाळ ज. पंडित हेही रणजी खेळलेले. तुझी जागा कुस्तीत आहे, पण नुसत्या मातीवर भागणार नाही. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ ला लंडनला सहावे आले, तेव्हा मॅट, म्हणजे मातीऐवजी गादी, त्यांना नवी होती; १९५२ ला हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक आणलं. तूही मॅटचे नियम शिक. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली, हे गावच्या प्रेक्षकाला सोपं करून सांगता आलं पाहिजे. हिंदी सुधार. आणि जत्रांच्या हंगामात मिळालेली बिदागी बारा महिने पुरत नाही, हे वडिलांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

म्हणून पदवी हवीच. मराठी किंवा इतिहास घेऊन बीए, नंतर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात पत्रकारिता. वाद घालायची हौस असेल तर पाच वर्षांचं लॉ; त्याची सीईटी बारावीनंतर देता येते. आकाशवाणीत हंगामी निवेदकांसाठी स्वरचाचणी होते, सांगली केंद्राच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा.

क्लासची फी अजून भरली नसेल तर भरू नका. भरली असेल तर आधी परत मिळते का ते विचारा. आणि कुठल्याही कॉलेजचा फॉर्म आणण्याआधी एकदा त्याच्या मैदानाला जा. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्यांवर नको, मागं गर्दीत, जिथून कुस्ती नीट दिसत नाही तिथं उभे राहा.