शंभर उंडे आणि पुण्याची रात्रीची बस

प्रश्न : ताई, मी राज्यशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘जयराम रमेश यांचे पर्यावरण व हवामान धोरणातील संसदीय योगदान’ असा प्रकल्प वाट्याला आलाय. भाषणांचा ढीग सापडला, पण सर म्हणतात, गोव्याशी संबंध जोड. ते तर गोव्याचे नाहीत. भाषणं मोजू की काय करू?
— एक विद्यार्थी, पेडणे

उत्तर : भाषणं मोजू नकोस रे. मी पणजीत वकिलाच्या कचेरीत एकवीस वर्षं टायपिंग केलं. माझा अनुभव असा, की सभागृहातलं भाषण टाळ्यांबरोबर विरून जातं आणि कायद्यातला एखादा शब्द पंधरा वर्षांनी कुणाच्या तरी उपयोगी पडतो. तो शब्द शोध.

आधी माणसाचा हिशेब. काँग्रेसचे रमेश 2004 पासून राज्यसभेत आहेत, आधी आंध्रातून, 2016 पासून कर्नाटकातून. मे 2009 ते जुलै 2011 एवढीच, म्हणजे दोन वर्षांहून थोडा जास्त काळ, ते पर्यावरणमंत्री होते, पण तुझ्या कामाचा निम्मा माल त्या काळातलाच आहे.

हवामानाचं एक भाषण मात्र घ्यावंच लागेल. 3 डिसेंबर 2009, लोकसभा. कोपनहेगनची जागतिक हवामान परिषद दोन-चार दिवसांवर आलेली. रमेश राज्यसभेचे असले तरी मंत्री म्हणून लोकसभेत बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, 2005 च्या तुलनेत 2020 पर्यंत भारत आपल्या उत्सर्जनाची तीव्रता 20 ते 25 टक्क्यांनी कमी करील. ‘तीव्रता’ या शब्दावर मुलं हमखास घसरतात. देशाच्या उत्पादनाच्या दर रुपयामागे किती उत्सर्जन होतं, ती तीव्रता. आपल्या पोदेराकडे, म्हणजे पाव भाजणाऱ्याकडे जा. समज, शंभर उंड्यांना, म्हणजे गोल पावांना, त्याला दहा किलो लाकूड लागतं. पुढच्या वर्षी भट्टी सुधारली, आठ किलोंत भागलं. तीव्रता वीस टक्क्यांनी उतरली. पण त्याच वर्षी त्याने शंभराऐवजी दोनशे उंडे भाजले, तर लाकूड सोळा किलो जळलं. म्हणजे आकडा उतरला आणि धूर वाढला. वाढत्या देशाने असंच वचन द्यावं हे मला पटतं, पण ते धूर कमी करण्याचं वचन नव्हतं, हे तुझ्या प्रकल्पात स्पष्ट लिही. त्याच मापाने पुढे 2015 मध्ये 33 ते 35 टक्के आणि 2022 मध्ये 45 टक्के असे 2030 साठीचे आकडे आले, ते वेगळ्या सरकारने दिले. माप मात्र तेच राहिलं. संसदेत एकदा रुजलेलं माप किती टिकतं, ते यावरून दिसतं.

आता गोवा. पर्यावरणाचे तंटे सोडवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाचं विधेयक रमेशांच्या काळात जुलै 2009 मध्ये लोकसभेत आलं आणि 2 जून 2010 ला त्यावर राष्ट्रपतींची संमती झाली. त्याआधी 1995 चा असाच एक न्यायाधिकरणाचा कायदा होता, तो संसदेने मंजूर केला आणि अमलात कधी आलाच नाही. नुसतं ‘मंजूर’ वाचून खूश होऊ नये ते यासाठी. नव्या कायद्याचं कलम 18 काढ. अर्ज कोण करू शकतो, त्याची यादी आहे. ज्याला इजा झाली तो, ज्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तो, आणि खाली एका ओळीत कोणतीही बाधित व्यक्ती किंवा संस्था. त्या एका ओळीमुळे सातबाराच काय, गोव्यातल्या जमिनीच्या एक चौदाच्या उताऱ्यावर नाव नसलेली माझी मावशीसुद्धा लवादात जाऊ शकली.

गोष्ट सांगते, कारण प्रकल्पात ‘स्थानिक उदाहरण’ लागतंच. मावशीचं घर तिसवाडीत खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या, बांधाला लागून. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची, दारं भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. मासे धरायच्या हक्काची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते. एका पावसाळ्यानंतर कुणीतरी बांधाच्या आतल्या अंगाला रात्री टिप्परने डबर टाकायला सुरुवात केली. मावशी सकाळी उठून टिप्पर मोजायची, कालनिर्णयवर रेघा ओढायची. एका रात्री अकरा. सगळे म्हणाले, आधी अर्ज देऊ, उत्तर येऊ दे. उत्तराची वाट पाहण्यात सहा महिने उलटले. आणि लवादाच्या कलम 14 मध्ये मुदत सहा महिन्यांचीच! वर साठ दिवस मिळतात, पण पुरेसं कारण दाखवून. मी रात्री बारापर्यंत बसून विलंबमाफीचा अर्ज टाइप केला आणि मावशीच्या कालनिर्णयची पानं झेरॉक्स करून जोडली. नुकसानभरपाई मागितली नव्हती, म्हणून फी एक हजार रुपये. मग पणजी स्टँडवरून पुण्याची रात्रीची बस, मांडीवर फायलींची पिशवी, सकाळी स्वारगेटला तोंड धुऊन रिक्षाने काउन्सिल हॉलच्या बाजूला. गोव्यासाठी लवादाचं पीठ पुण्यात आहे, 2013 पासून.

भराव अर्धा उचलला गेला. अर्धा तसाच आहे, त्यावर आता घाणेरी माजलीय.

हे पुणं आम्हाला केवढं मोलाचं आहे ते 2017 मध्ये कळलं. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने अधिसूचना काढून गोव्याची प्रकरणं पुण्याहून दिल्लीच्या पीठाकडे वळवली. मावशी दिल्लीला गेली असती का? मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तो विषय स्वतःहून हाती घेतला आणि ऑक्टोबरमध्ये ती अधिसूचना रद्द केली. त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने देशभरच्या लवादांच्या नेमणुकांचे नियम बदलले होते, तेव्हा रमेश स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले. नोव्हेंबर 2019 मध्ये ते नियम रद्द झाले. मंत्री म्हणून उभं केलेलं घर खासदार म्हणून राखायला कोर्टाची पायरी चढणं, याला संसदीय योगदान म्हणायचं का, ते सरांना विचार. मी म्हणेन.

दुसरा धागा तुझ्या अंगणातलाच. 6 जानेवारी 2011 ची सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांवर नियंत्रण ठेवणारी, अधिसूचना रमेशांच्या काळातली. तिच्यात गोव्यासाठी वेगळा भाग आहे. खाजनांचे नकाशे करा, त्यांत बांधकाम नको, खारफुटी राखा असं त्यात आहे आणि कासवांच्या किनाऱ्यांची नावंही आहेत. मांद्रे, मोरजी, गालजीबाग, आगोंद. यातले पहिले दोन तुझ्या तालुक्यात. हिवाळ्यात मोरजीच्या तेंबवाड्यावर जा, अंड्यांच्या जागेला घातलेलं कुंपण पाहा, फोटो लाव. मात्र एक चूक करू नकोस, ही अधिसूचना संसदेत मताला गेलेली नाही. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली मंत्रालय ती राजपत्रात छापतं. म्हणून तर 2019 मध्ये दुसऱ्या सरकारला ती बदलणं सोपं गेलं.

माधव गाडगीळांची पश्चिम घाट समितीही रमेशांनीच मार्च 2010 मध्ये नेमली. अहवाल ऑगस्ट 2011 मध्ये आला, तोवर रमेश ग्रामविकास खात्यात गेले होते, आणि अहवाल मे 2012 पर्यंत दाबून ठेवला गेला. त्यांच्याच पक्षाचं सरकार होतं, हेही लिही. आणि याच मंत्र्याने नोव्हेंबर 2010 मध्ये जैतापूरच्या अणुप्रकल्पाला पर्यावरण परवानगी दिली. आरती ओवाळणारा प्रकल्प केलास तर सर मार्क देतील, पण मला वाचायला पाठवू नकोस.

विरोधी बाकावरचं काम थोडक्यात. 2019 पासून पर्यावरणाच्या संसदीय स्थायी समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं. वन्यजीव दुरुस्ती विधेयक त्या समितीकडे आलं, एप्रिल 2022 मध्ये अहवाल गेला. वनसंवर्धन दुरुस्ती विधेयक मात्र 2023 मध्ये त्यांच्या समितीला वगळून संयुक्त समितीकडे पाठवलं, त्यावर त्यांनी लेखी हरकत घेतली. समितीने एक शब्दही न बदलता ते परत दिलं आणि 2 ऑगस्टला राज्यसभेतही ते मंजूर झालं. गोव्याला याची झळ खाजगी वनांमुळे. गोव्यातल्या सावंत आणि करापूरकर समित्यांनी ज्या जमिनी वन म्हणून शोधल्या, त्यांचा पाया 12 डिसेंबर 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात आहे. जंगल म्हणजे शब्दकोशातल्या अर्थाने जंगल, मालक कोणीही असो, असं तो निकाल म्हणतो. नव्या दुरुस्तीने तो अर्थ आखडला. फेब्रुवारी 2024 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन तूर्त जुनाच अर्थ चालू ठेवायला सांगितलं.

प्रश्न : उत्तर गोव्याच्या खासदारांच्या नावापुढे प्रश्नांची संख्या शून्य दिसते. मग पर्यावरणाबद्दल ते संसदेत गप्पच का?
— निवृत्त शिक्षक, फोंडा

उत्तर : मास्तर, शून्य दिसणारच. श्रीपाद नाईक केंद्रात राज्यमंत्री आहेत, 2024 पासून ऊर्जा आणि नवीकरणीय ऊर्जा खात्यात. मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरं देतात. सौरऊर्जेवर कुणी विचारलं तर उत्तराच्या कागदावर त्यांचं नाव येऊ शकतं, तिथे शोधा. प्रश्न विचारण्याचं काम लोकसभेत दक्षिणेचे कॅप्टन विरियातो फर्नांडिस आणि राज्यसभेत सदानंद शेट तानावडे यांचं.

पण संख्येवर जाऊ नका. लोकसभेत दिवसाला तारांकित प्रश्न फक्त 20. त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, आणि त्यांनाच उपप्रश्न विचारता येतो. बाकी 230 अतारांकित प्रश्नांची नुसती छापील उत्तरं. ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ असं उत्तर दिसलं तर तारीख टिपून ठेवा. ते सरकारचं आश्वासन ठरतं, तीन महिन्यांत पुरं करायचं असतं, आणि त्याच्यावर नजर ठेवायला वेगळी समिती आहे. खासदाराने त्या समितीला आठवण करून दिली का, हे विचारा. एवढं विचारणारा मतदार मी तरी अजून पाहिलेला नाही, तुम्ही पहिले व्हा.

प्रश्न : पर्यावरणवादी रमेश कर्नाटकातून निवडून येतात. मग म्हादई नदीच्या पाण्याच्या गोवा-कर्नाटक वादावर ते आपल्या बाजूने बोलतील का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : वाट पाहू नका. राज्यसभेच्या सदस्याने त्या राज्याचा रहिवासी असण्याची अट 2003 मध्ये गेली, पण त्याला मतं देणारे आमदार त्या राज्याचेच असतात. आणि गणित बघा. कर्नाटकाचे लोकसभेत 28 आणि राज्यसभेत 12, आपले दोन आणि एक. ऑगस्ट 2018 च्या निवाड्यात म्हादई जलतंटा लवादाने (हा हरित लवाद नव्हे) कर्नाटकाला 13.42 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, त्यातलं 3.9 पाणी वळवण्याच्या कळसा-भांडुरा प्रकल्पासाठी, 2022 च्या डिसेंबरात केंद्रीय जल आयोगाने त्या प्रकल्प-अहवालाला मान्यताही दिली. आपली भिस्त सर्वोच्च न्यायालयातल्या अर्जांवर आणि 24 जुलै 2023 च्या उच्च न्यायालयाच्या आदेशावर. तीन महिन्यांत म्हादईचा व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा, असं न्यायालयाने सांगितलं होतं, आणि त्याविरुद्ध दिल्लीला धावलं ते आपलंच राज्य सरकार. तेव्हा पहिलं पत्र पर्वरीला, राज्य सरकारच्या सचिवालयाला टाका.