गाठ परत आली, आता किती वेळा कापायची?

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. मी अहमदपूर तालुक्यातून लिहितेय, जिल्हा लातूर. आमचा राजा लॅब्राडोर आहे, साडेनऊ वर्षांचा. दोन वर्षांखाली त्याच्या मागच्या मांडीवर हरभऱ्याएवढी गाठ आली, आम्ही लक्ष दिलं नाही, लिंबाएवढी झाली तेव्हा इथल्या एका डॉक्टरकडून कापून घेतली. आठ महिन्यांनी टाक्याच्या शेजारीच परत आली, परत कापली. दोन्ही वेळेस गाठ तपासायला पाठवली नाही, पाठवायची असते हेच आम्हाला माहीत नव्हतं. आता दिवाळीनंतर छातीवर एक आणि पोटाखाली एक अशा दोन नवीन आल्यात. ह्या वेळेस लातूरला नेलं, तिथं सुईनं नमुना काढून काचेवर तपासला आणि मास्ट सेल ट्यूमर आहे म्हणाले. पोटाखालची गाठ कधी मोठी दिसते कधी बारीक. सासूबाईंनी कुणाच्या तरी सांगण्यावरून तिला बिब्बा लावला तर आधी टम्म फुगली आणि मग तीन दिवसांत बसली, म्हणून त्या म्हणायल्यात की ऑपरेशन कशाला, ह्यानंच जाईल. शेजारचे म्हणायलेत घरात लहान लेकरं आहेत, कॅन्सरचं कुत्रं ठेवू नका. आमचे हे म्हणतात अजून किती वेळा कापायचं त्याला, राहू द्या आता. मला रात्री झोप नाही. तो पायाशी येऊन बसतो आणि मी त्याच्या अंगावरून हात फिरवायला पण भिते, अजून एखादी लागेल हाताला म्हणून. काय करावं?

उत्तर: ताई, आधी लेकरांचं सांगतो. हा आजार माणसाला लागत नाही, दुसऱ्या कुत्र्याला लागत नाही, लेकरं त्याच्या गळ्यात पडून झोपली तरी लागत नाही. शेजाऱ्यांना एवढं सांगा आणि तो विषय बंद करा.

आता बिब्ब्याचं. ह्याच्यावर जरा जास्त बोलतो कारण आपल्या भागात चामखीळ असो नाहीतर बैलाच्या खांद्याची गाठ असो, बिब्बा, चुना, नाहीतर घोड्याचा केस बांधून ठेवणं हे घरोघरी चालतं, आणि सासूबाईंनी वाईट हेतूनं काही केलेलं नाही, त्यांना त्या जिवाची काळजी आहे म्हणूनच केलं. पण गाठ बसली ती बिब्ब्यानं नाही. मास्ट सेल म्हणजे ॲलर्जीच्या वेळी काम करणाऱ्या पेशी, त्यांच्या पोटात हिस्टामाइन नावाचं द्रव्य भरलेलं असतं, आपल्या अंगावर काही चावल्यावर गांधी उठते ती ह्याच द्रव्यामुळे. तुमच्या राजाच्या गाठीत ह्याच पेशी खच्चून भरल्यात. गाठ दाबली, घासली, जाळली की ते द्रव्य बाहेर सांडतं आणि गाठ टम्म फुगते, लाल होते, दोन-तीन दिवसांत ते ओसरलं की गाठ परत बारीक दिसते. कुणी काही न लावता पण ती अशीच लहानमोठी होत राहते, म्हणून ह्या गाठीला काहीही लावा, लावणाऱ्याला गुण आल्यासारखं वाटतं आणि त्यातच महिने जातात. वरून ते सांडलेलं हिस्टामाइन रक्तातून पोटात जातं, तिथं ॲसिड वाढतं, जठरात जखमा होतात. त्यामुळे बिब्बा बंद, गाठ दाबून बघणं बंद, आणि राजाला उलट्या व्हायल्या, खाणं सुटलं किंवा शी डांबरासारखी काळी व्हायली तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा, थांबू नका.

दोन वर्षांत जे झालं त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एक समजू नका. मांडीवर टाक्याशेजारी परत आली ती पहिल्याच गाठीची राहिलेली मुळं असणार. ही गाठ डोळ्याला दिसते तेवढीच नसते, आजूबाजूच्या चांगल्या दिसणाऱ्या कातडीत पण तिच्या पेशी पसरलेल्या असतात, म्हणून कापताना चहूबाजूनं साधारण २ सेंटीमीटर आणि खालचा एक थर सोबत घ्यावा लागतो. लिंबाएवढी गाठ काढायला जखम केवढी मोठी होते बघा, हरभऱ्याएवढी असतानाच काढली तर किती सोपं. छातीवरची आणि पोटाखालची मात्र बहुतेक नवीन, स्वतंत्र गाठी असाव्यात. लॅब्राडोर, बॉक्सर, पग, गोल्डन रिट्रीव्हर ह्या जातींत हा आजार जास्त दिसतो आणि काही कुत्र्यांना आयुष्यात अशा दोन-चार गाठी वेगवेगळ्या ठिकाणी येतात. बऱ्याच गाठी आल्या म्हणजे आजार अंगभर पसरलाच असं नसतं. प्रत्येक गाठ हलकी असेल आणि स्वच्छ निघाली तर ती तिथंच संपते.

पण हलकी आहे का जहाल आहे हे सुईच्या तपासणीत नीट कळत नाही. ते कळतं काढलेली अख्खी गाठ लॅबला पाठवली की. हे मी फार कळकळीनं लिहितोय कारण माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी स्वतः अशा गाठी कापून बादलीत टाकल्यात. एका शेतकऱ्याची काळी कुत्री होती, राखणीची, मानेवरची गाठ मी काढली, टाके छान भरले, तो माणूस मला हुरडा खायला बोलावून गेला. चार महिन्यांत तिथंच परत आली, काखेत पण अवधाण, म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथी, आलं, आणि त्यानं विचारलं डॉक्टर हे काय आहे, तर माझ्याकडं उत्तर नव्हतं कारण उत्तर त्या बादलीत गेलं होतं. ती कुत्री अजून आठवते. त्यानंतर एक पण गाठ मी टाकून दिलेली नाही.

तर तुमचं काम हे, की ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरला सांगायचं, गाठ तपासायला पाठवायची आहे. रुंद तोंडाची बरणी, १० टक्के फॉर्मालिन, गाठीच्या १० पट तरी द्रव, बरणीवर कुत्र्याचं नाव आणि गाठ कुठली ते लिहायचं, दोन गाठी तर दोन बरण्या. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ग्रेड, गाठ हलकी (लो) का जहाल (हाय) ते. आधी १९८४ ची तीन ग्रेडची पद्धत होती, २०११ पासून लो आणि हाय अशी दोनच ग्रेडची पद्धत आली, आजकाल बऱ्याच रिपोर्टमध्ये दोन्ही लिहून येतात. त्या २०११ च्या अभ्यासात लो ग्रेडची निम्म्याहून जास्त कुत्री दोन वर्षांच्या वर जगली आणि हाय ग्रेडची निम्मी चार महिन्यांच्या आतच गेली, एवढा फरक आहे, आणि बाहेरून हात लावून हा फरक कुणालाच कळत नाही. दुसरी म्हणजे मार्जिन, कडा स्वच्छ आहेत का पेशी कडेपर्यंत आल्यात.

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून घ्या, वय झालंय त्याचं. जवळच्या अवधाणातून सुईनं नमुना आणि जमलं तर पोटाची सोनोग्राफी, यकृत आणि प्लीहा बघायला. तुम्हाला उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, दुसरं परभणीला आहे, गाडी सांगा आणि एकदा सकाळच्या वेळेला दाखवून या. आधीचे सगळे कागद सोबत न्या.

काढल्यानंतरचं आपल्याकडं अवघड असतं, विशेषतः उन्हाळ्यात. ह्या गाठीची जखम भरायला कधीकधी वेळ लागतो, आणि माशी बसली की आळ्या पडायला एक दिवस पुरतो. गळ्यात तो प्लास्टिकचा भोंगा ठेवाच, राजा केविलवाणा बघतो म्हणून काढू नका. छातीपोटावर घरातली जुनी सुती बनियन घाला, रोज धुतलेली. दुपारी आत शहाबादी फरशीवर, अंगणात नाही. टाके १० ते १४ दिवस.

हाय ग्रेड निघाली किंवा कडा स्वच्छ नसल्या तर परत कापणं किंवा औषधं. विनब्लास्टिन ह्या कॅन्सरच्या औषधाचं इंजेक्शन असतं, प्रत्येक डोसच्या आधी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजाव्या लागतात आणि नंतर काही दिवस त्याची शी-शू हातमोजे घालून उचलायची, लेकरांना लांब ठेवायचं. सोबत प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. ह्या गोळीनं भूक-तहान वाढते, शू वाढते, गाठ काही दिवस लहान होते, पण गाठ लहान झाली म्हणून गोळी मनानं बंद करू नका, हळूहळू कमी करावी लागते. आणि ही गोळी चालू असताना घरातली अंगदुखीची कुठलीच गोळी नाही, पोटात रक्तस्राव होतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक तर कुत्र्याला एरवीही द्यायच्या नाहीत.

आता तुमच्या मालकांचा प्रश्न, किती वेळा कापायचं. चूक नाही त्यांचा प्रश्न. मी आकडा सांगणार नाही. आधीच्या तपासण्यांत आजार अवधाणात किंवा पोटात पसरलेला दिसला नाही, राजा जेवत-फिरत असेल, गाडीचा आवाज आला की फाटकाशी पळत असेल, तर ह्या दोन गाठी काढून टाकाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे, आणि दोन्ही एकाच भुलीत काढता येतात. काढल्यावर रिपोर्ट हाय ग्रेड आला, किंवा आजार आधीच अवधाणात गेला असेल, तर पुढचं सगळं त्याचं दुखणं कमी करण्यासाठी, आणि न कापायचं ठरवलं तर तुम्ही त्याला सोडलं असं होत नाही. पोटाची गोळी, ॲलर्जीची गोळी, दुखण्याचं औषध हे पण औषधपाणीच आहे. घरातल्या कॅलेंडरवर रोज रात्री एक खूण करा, आज त्याचा दिवस चांगला गेला का वाईट. आपण एका वाईट दिवसाला घाबरून जातो आणि एका चांगल्या दिवसाला भुलून जातो, महिन्याचं पान समोर असलं की घरातल्या सगळ्यांना एकच गोष्ट दिसते आणि भांडण होत नाही. कुत्र्यावर एवढा खर्च कशाला म्हणणारे भेटतीलच. पोळ्याला बैलाला पुरणपोळी खाऊ घालणारी माणसं आपण, साडेनऊ वर्षं दारात बसलेल्या जिवासाठी कुणाला हिशोब द्यायची गरज नाही. झेपेल तेवढंच करा, कर्ज काढू नका.

राहिला हात. ताई, हात फिरवणं थांबवू नका, तुमचा हात हीच त्याची सगळ्यात मोठी तपासणी आहे. एक वार ठरवा, समजा रविवार, आणि त्या दिवशी कानापासून सुरू करून मान, काखा, छाती, पोट, मांड्यांच्या आत, बोटांच्या मध्ये, शेपटीखाली असा सगळा बघा, हलक्या हातानं. वहीत कुत्र्याचं चित्र काढा, गाठ लागली तिथं खूण, तारीख, आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो. नवीन काही लागलं की त्याच आठवड्यात सुई. बाकी सहा दिवस त्याला नुसतं कुरवाळा, काही शोधू नका.

प्रश्न: आमचं पिल्लू ८ महिन्यांचं आहे, ओठांवर आणि तोंडात फुलकोबीसारखे मस आलेत. वरचं वाचून भीती वाटली, हा पण कॅन्सर का? — एक वाचक, नांदेड

उत्तर: ह्या वयात असे मस बहुतेक वेळा विषाणूचे असतात आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप गळून जातात. एकदा डॉक्टरला दाखवून खात्री करा. खाताना रक्त येत असेल किंवा गिळता येत नसेल तर मात्र काढावे लागतात. हे दुसऱ्या कुत्र्यांना लागतात, माणसाला नाही, म्हणून तोवर त्याची ताटली आणि पाण्याचं भांडं वेगळं ठेवा आणि गल्लीतल्या पिल्लांत खेळायला सोडू नका.