अमेरिकेत सरकारी विद्यापीठाची फुटबॉल टीम जोरात असली की त्याचं शिक्षणातलं नाव पण वाढतं का?

वाढतं, पण अगदी किंचित, खरा फायदा होतो तो ओळख, अर्ज आणि डोनेशनचा. कॅलिफोर्नियातल्या बर्कली या सरकारी विद्यापीठाच्या मायकेल अँडरसन या अर्थतज्ज्ञाने आकडे तपासले होते, त्यात टीम जास्त जिंकली की अर्ज वाढतात, येणाऱ्या पोरांचे सॅटचे (कॉलेज प्रवेशासाठीच्या परीक्षेचे) मार्क थोडे सुधारतात आणि प्रतिष्ठेतही जरासा फरक पडतो असं दिसलं. ॲलाबामा विद्यापीठ बघा, 2007 ला निक सेबन कोच म्हणून आला, 2009 ते 2020 मध्ये 6 वेळा नॅशनल चॅम्पियन झाले, आणि त्याच काळात ॲडमिशन एवढी वाढली की निम्म्याहून जास्त पोरं राज्याबाहेरची झाली, जी कितीतरी जास्त फी भरतात. अर्थात त्यांनी बाहेरच्या हुशार पोरांना स्कॉलरशिपही भरपूर वाटल्या, त्यामुळे सगळं श्रेय फुटबॉलला देऊ नका. आणि बर्कलीचं स्वतःचं फुटबॉल कित्येक वर्षं यथातथाच आहे, तरी सरकारी विद्यापीठांत ते टॉपलाच असतं, कारण तिथलं नाव रिसर्च आणि प्रोफेसरांवर चालतं.

फक्त एक लक्षात ठेवा, खेळापायी अभ्यासाचा बट्ट्याबोळ झाला तर आहे ते नावही जातं. चॅपल हिलच्या नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठात जवळपास 18 वर्षं नावापुरते क्लास चालले, 2014 च्या चौकशी अहवालात असे क्लास घेतलेले 3,100 च्या वर विद्यार्थी निघाले, त्यातले निम्म्याच्या आसपास खेळाडू, आणि 2015 ला मान्यता देणाऱ्या संस्थेने विद्यापीठाला वर्षभर प्रोबेशनवर, म्हणजे ताकीद देऊन देखरेखीखाली, ठेवलं.